डाव्या तळव्यावरची रेघ

कलावती वानखडेला कुणी विचारलं, की बाई, तुम्ही काय काम करत होता, तर ती म्हणायची, "प्लास्टिकच्या कारखान्यात होते." बस. पुढं बोलायची नाही. आता पुढचं सांगायचं तर तिच्या नवऱ्याच्या हातोडीपासून सुरुवात करावी लागते.

सुखदेव वानखडे जयपूर स्टेशनावर गाड्यांची चाकं ठोकायचा. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन तो खाली उतरे आणि इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत एकेका चाकाला ठोका देत जाई. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं. चिरलेलं चाक फुटक्या मडक्यासारखं बोलतं. आसाच्या टोकाची पेटी तापलीय का, ते तो उलट्या पंज्यानं बघायचा. तळहात कधी लावायचा नाही. तळहात भाजला तर उद्या हातोडी कशानं धरणार? तपासून झालेल्या डब्याच्या डाव्या कोपऱ्यात खडूची एक रेघ, आणि नापास डब्यावर फुली. फुलीवाल्या डब्याला 'सिक' म्हणायचे. तो गाडीतून तोडून बाजूच्या रुळावर नेऊन ठेवायचे.

दोघं मूळची मूर्तिजापूरची. सुखदेवची बदली खांडव्याला, तिथून जयपूरला. कलावती लहानपणी आईबरोबर जिनिंगच्या गिरणीत कापूस निवडायला जायची. सरकीचा एक कण राहिला तर मुकादम अख्खी टोपली पुन्हा पालथी करायला लावी. हाताला सवय तिथली.

मुलगी लग्न होऊन अकोल्याला गेली आणि रेल्वे कॉलनीतलं घर सकाळी नऊलाच आवरून व्हायला लागलं. कलावती म्हणाली, "मले बसवत नाई. हात गंजतात." त्र्याऐंशी साली ती बाईस गोदाम भागातल्या एका कारखान्यात लागली. बादल्या, कंगवे, साबणाच्या डब्या निघायच्या तिथं. बारा बायका होत्या. कलावती तेवढी मराठी, बाकी सगळ्या तिकडच्याच.

त्याच साली शेठनं परदेशातून जुने साचे आणले. कुठला तरी आकाशातल्या यानांचा सिनेमा होता. त्यातली एक बाई बिघडलेलं यान एकटीनं चालवत घरी परत आणते म्हणे. तिची बोटाएवढी बाहुली करायची होती. हात हलतात, पाय हलतात, मान फिरते, शिरस्त्राणाची काच वर होते. परदेशातली माणसं अशा बाहुल्या जमवतात, काचेच्या कपाटात मांडतात, असं शेठनं सांगितलं तेव्हा बायका हसल्या. सिनेमा जयपूरला कधी लागला नाही. त्यांच्यातल्या कुणी तो पाहिला नाही. बाईचं खरं नाव पुठ्ठ्यावर इंग्रजीत होतं, ते कुणाला वाचता येईना. तिला सगळ्या चांदवाली म्हणायच्या.

"अकेली गई थी क्या चाँद पर?" गुलाब विचारायची. गुलाब ही शेजारच्या पाटावरची बाई, जयपुरातल्याच सोडाळ्याची, डावखुरी, तोंडाची फटकळ. "घरवाला क्या कर रहा था?"

"डिब्बे ठोक रहा होगा," कलावती म्हणायची.

नमुन्यातल्या चांदवालीचा पोशाख निळसर करडा होता. शेठकडं तो रंग नव्हता. बादल्यांचा हिरवा होता. म्हणून जयपूरची चांदवाली हिरवी निघाली.

काम असं. धडाचे दोन अर्ध, पुढचा आणि मागचा. मागच्या अर्धात पाय बसवायचे, हात बसवायचे, मान ठेवायची. मग कडेनं सोल्युशनचा कुंचला फिरवायचा, पुढचा अर्ध वर दाबायचा आणि शिकंज्यात धरायचा. सोल्युशननं प्लास्टिक विरघळून दोन्ही अर्ध एकजीव होतात. एकजीव झाले तर पाय जन्मात निघत नाहीत. नाही झाले तर बाहेरून कळत नाही. सांधा मिटलेला दिसतो, पण आतून सुटा असतो. महिनाभरानं पाय गळतात.

पहिला माल दिल्लीला गेला आणि तसंच झालं. सुपरवायझर भँवरलाल दिवसभर ओरडत होता. डोळ्यांना सगळ्या बाहुल्या सारख्या. ओढून बघावं तर चांगलीही बिघडते.

संध्याकाळी जेवताना कलावतीनं हे सुखदेवला सांगितलं. त्यानं भाकरी मोडता मोडता एवढंच म्हटलं, "ठोकून पाहा ना."

"चाक हाय का ते?"

"ठोकल्यावर जे बोलत नाई, असं जगात काई नसते. आयकणारा पायजे."

दुसऱ्या दिवसापासून कलावती प्रत्येक चांदवालीच्या छातीवर अंगठ्याच्या नखाची टिचकी मारायला लागली. कानाशी धरायची, मारायची, ऐकायची. वाजली ती पास. ठप्प बसली ती दळणाच्या पेटीत, पुन्हा दळून वितळवायला. बायकांना करमणूक झाली. गुलाब तर बाहुल्यांची रांग लावून शिट्टी मारायची, गाडी सुटली म्हणून. कलावतीनं लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी गुलाबनं पास झालेल्यांतली एक उचलली आणि पायाला सहज हात लावला. पाय तिच्या हातात आला.

"रेलवेवाली," ती म्हणाली, "तेरी गाड़ी का तो पहिया निकल गया."

कलावतीनं दुसरी उचलली. तिचाही पाय निघाला. मग तिनं दळणाच्या पेटीतली एक काढली आणि सुरीनं सांधा उचकटायला गेली. सुरीचं टोक वाकलं, सांधा हलला नाही. तिच्या लक्षात आलं. सुखदेवचा चाकाचा नियम तिनं जसाच्या तसा बाहुलीला लावला होता. तीन दिवस ती चांगला माल दळायला टाकत होती आणि वाईट पास करत होती.

ती उठून भँवरलालकडं गेली. "तीन दिन का माल उलटा हो गया. गलती मेरी है." तो काय काय बोलला ते तिनं उभ्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माल अभी गया नहीं है. मैं सब छाँटकर देती हूँ."

घरी सुखदेवला सांगितलं तर तो हसला नाही. "चाक सारं एक लोखंड," तो म्हणाला. "तुही बाहुली पेटी हाय. पेटीचा कान येगळा. तो मले नाई ठाऊक. तो तुलेच शोधा लागन."

तिनं शोधला. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत ती एका कोपऱ्यात बसे. बाहुली उचलायची, डोळे मिटून टिचकी मारायची, काय ऐकू आलं ते मनाशी ठरवायचं आणि मगच सुरीनं उघडून बघायचं. चुकलं की पुन्हा. एकशे चाळीस बाहुल्या तिनं अशा उघडल्या. शेवटच्या तीसमध्ये एकदाही चुकली नाही. पक्की जुळलेली बाहुली 'टक' म्हणते आणि गप्प होते. कच्च्या बाहुलीच्या आवाजाला शेपूट असतं, माशीच्या पंखाएवढं. सुट्या राहिलेल्या कडा एकमेकींवर थरथरतात, त्याचं ते शेपूट.

उघडून बघताना आणखी एक कळलं. शिकंजा लवकर सोडला की सांधा कच्चा राहतो. वीस आकडे मोजेपर्यंत धरला तर पक्का. अठरापर्यंत धरलेल्या काही सुटल्या, काही नाही. वीसपर्यंत धरलेली एकही सुटली नाही. तिनं भँवरलालला दाखवलं. त्याला डोकं होतं. त्यानं सगळ्यांना सांगितलं, बीस गिनो. बायका कुरकुरल्या. गुलाब मुद्दाम मोठ्यानं मोजायची, बालवाडीतल्या मुलासारखी, "एएएक, दोओओ." पण मोजायची.

पास झालेल्या बाहुलीच्या डाव्या पायाच्या तळव्यावर कलावती तापल्या सुईनं एक रेघ ओढायला लागली. तांदळाच्या दाण्याएवढी. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तपासलेल्या डब्यावर रेघ असते, ती तिला रोजची ठाऊक. तपासलं कुणी हे मालावर नको?

वर्षभर माल गेला. एकही परत आला नाही.

मग मोठी मागणी आली, आणि घाईची. शेठ स्वतः पाटापाशी आला. "बीस नहीं, आठ गिनो. और यह ठोका-ठोकी बंद."

कलावती म्हणाली, "आठ में नहीं जुड़ता, शेठजी."

"दिखता तो जुड़ा हुआ है."

"फिर मैं लकीर नहीं लगाऊँगी."

"लकीर किसने माँगी है?"

खरं होतं. कुणी मागितली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला कंगव्यांवर बसवलं. कंगव्याचे दात मोजताना तिला पलीकडून आठ आकडे ऐकू यायचे. गुलाबचं मोठ्यानं मोजणंही बंद झालं. ती ओठांतल्या ओठांत काय मोजायची, कुणास ठाऊक.

सहा महिन्यांनी माल परत आला. खोक्यांत चांदवाल्या एकीकडं आणि पाय एकीकडं. शेठनं सगळ्यांना उभं केलं आणि म्हणाला, "औरतों का हाथ कच्चा है. और इस रेलवेवाली ने ठोक-ठोककर जोड़ ढीले कर दिए." साचे भंगारात गेले.

रागावलेलं माणूस काहीही बोलतं, ते कलावतीनं सोडून दिलं असतं. पण ठोकून सांधे सैल केले, हे वाक्य कारखान्याबाहेर पडलं आणि कॉलनीत पोचलं. पाण्याच्या नळावर एका बाईनं विचारलंसुद्धा, "सुना है, आपने गुड़ियाँ तोड़ दीं?" कलावतीनं घागर उचलली आणि घरी आली. तो माल तिनं ठोकलाच नव्हता, हे नळावर कुणाला पटणार, आणि पुरावा काय? तिनं ठोकलेल्या बाहुल्या समुद्रापार गेलेल्या. शहाऐंशी साली तिनं कारखाना सोडला. तेव्हापासून ती फक्त एवढंच म्हणायची, "प्लास्टिकच्या कारखान्यात होते."

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चात एका सकाळी गजाननराव मोहिते सायकलवरून कॉलनीत आले. गजाननराव साताऱ्याकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बनी पार्कमधल्या एका गेस्ट हाउसचा कारभार बघायचे. पाहुण्यांना गाडीवर सोडायला स्टेशनावर येत, तिथली सुखदेवची ओळख.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही ती आकाशातल्या बाईची बाहुली करत होता न्हवं?"

कलावती तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं नाही. "कोण म्हणते?"

"सुखदेवच म्हणला होता मागं. आमच्याकडं एक हॉलंडचा मास्तर उतरलाय. हेंड्रिक नाव. आठ दिस झाले, सारं जयपूर पालथं घालतोय. किल्ला नाही बघत, महाल नाही बघत. हिरवी बाहुली हुडकतोय. इथं मागं राहिलेल्या सहा मिळाल्यात त्याला, जुन्या दुकानांत. आता म्हणतो, यातली खरी कुठली, खोटी कुठली, चांगली कुठली, हे सांगणारं माणूस पाहिजे."

"खोटी कशी असन?"

"बाहुलीवरून साचा काढून कुणीतरी नकला केल्यात म्हणं. आणि दुसरं..." गजाननराव थांबले. "त्याच्याकडं एक मासिक आहे. बाहुल्या जमवणाऱ्यांचं. त्यात जयपूरच्या मालाबद्दल लिहिलंय."

"काय लिहिलं?"

"जाऊ द्या की."

"सांगा, भाऊजी."

"रंग दुर्मिळ, पण कारागिरी शून्य. पाय गळतात. असं लिहिलंय."

कलावतीनं सूप बाजूला ठेवलं. सुखदेव रात्रपाळी करून आला होता, खाटेवर पडला होता. तो उठून बसला आणि चपला शोधायला लागला. "मी बी येतो," म्हणाला.

गेस्ट हाउसच्या हिरवळीवर ऊन आलं होतं. हेंड्रिकनं टेबलावर पांढरा टॉवेल अंथरून त्यावर पाच बाहुल्या निजवल्या होत्या. सहावी पुठ्ठ्यावर, पारदर्शक झाकणाखाली, कारखान्यातून निघाली तशीच होती. तो उंच, चष्मेवाला, वाकून बोलणारा माणूस होता. त्यानं कलावतीला खुर्ची दिली आणि भिंगही पुढं केलं. तिनं भिंग बाजूला सारलं.

तीनेक वर्षांनी ती चांदवालीला बघत होती. हिरवा तोच. बादल्यांचा.

"पंखा बंद करा," ती म्हणाली. व्हरांड्यातला पंखा बंद झाला. "आतला रेडिओ बी." गजाननराव आत जाऊन आले. भिंतीवर मोर ओरडत होता. तो गप्प होईपर्यंत ती थांबली.

मग तिनं पहिली उचलली, डोळे मिटले आणि नखाची टिचकी मारली. टॉवेलच्या उजव्या कडेला ठेवली. दुसरी, उजवीकडं. तिसरी हातात घेतली आणि टिचकी न मारताच खाली ठेवली. "ही आमची नाई. वजन कमी हाय. हिरवा बी दुसरा." चौथीला एक टिचकी, मग दुसरी. डावीकडं. पाचवी उजवीकडं.

"उजव्या तिघी पक्क्या," ती म्हणाली. "पायाला धरून उचला न् हलवा. काई होणार नाई. डावीकडची कच्ची. तिचा उजवा पाय आधी जाईल."

गजाननरावांनी इंग्रजीत सांगितलं. हेंड्रिकनं काहीतरी विचारलं.

"म्हणतोय, कशावरून?"

"उजव्यांच्या डाव्या तळव्याला भिंग लावा म्हणा. एक रेघ असन. तांदळाएवढी. ती माही हाय."

हेंड्रिकनं पहिली उचलली, भिंग लावलं, आणि बराच वेळ तसाच राहिला. मग दुसरी. मान वर करून त्यानं एक शब्द उच्चारला. तो शब्द कलावतीला समजला नाही, पण सूर समजला. डावीकडची उचलली, रेघ नव्हती. त्यानं जपून पायाला बोट लावलं. उजवा पाय मागं कलंडला.

सुखदेव पायरीवर बसून विडी चोळत होता. पण विडी पेटवायची विसरला होता.

हेंड्रिकनं उजवीकडची शेवटची, पाचवी, उचलली आणि भिंगातून बघून मान हलवली.

"वहिनी, हिला रेघ नाही," गजाननराव म्हणाले.

कलावतीनं बाहुली मागून घेतली. तळवा कोरा होता. पुन्हा टिचकी मारली. टक. गप्प. शेपूट नाही.

"चुकलीस काय?" सुखदेवनं विचारलं.

"नाई."

"मंग रेघ?"

तिनं बाहुली उन्हात धरून सांध्याच्या कडेवर नख फिरवलं. कुंचला जिथं उचलतात तिथं सोल्युशनचा एक बारीक थेंब राहतो. उजव्या हातानं काम करणाऱ्या बाईचा थेंब चांदवालीच्या डाव्या काखेखाली येतो. हा उजव्या काखेखाली होता. बारा बायकांत डावखुरी एकच होती.

म्हणजे शेठ आठ म्हणत होता, सगळ्या आठ मोजत होत्या, कलावती कंगव्यांवर होती, आणि गुलाब ओठांतल्या ओठांत वीस मोजत होती.

"ही गुलाबची हाय," कलावती म्हणाली. "मले कंगव्यांवर बसवल्यावरची. त्याले लिहायला सांगा. नाव लिहा म्हणा, गुलाब. सोडाळ्याची."

हेंड्रिकनं वही काढली. गजाननरावांनी सांगितलं ते सगळं त्यानं लिहून घेतलं. वीस आकडे, टिचकी, रेघ, डावखुरी बाई. मध्येमध्ये तो थांबून विचारायचा आणि कलावती एका वाक्यात उत्तर द्यायची. ठोकल्यानं सांधा सैल होतो का, असं त्यानं विचारलं तेव्हा तिनं पहिली चांदवाली त्याच्या हातात दिली. "ही मी ठोकलेली. ओढा म्हणा. जोर लावून." त्यानं ओढली. मग गजाननरावांनी ओढली, फौजी हातानं. पाय जागचा हलला नाही.

"लिहा म्हणा हे बी," सुखदेव पायरीवरून म्हणाला.

आता पुठ्ठ्यावरची राहिली. हेंड्रिकनं ती दोन्ही हातांत धरून दाखवली. मोठ्या कौतुकाची वस्तू दिसत होती त्याची. पुठ्ठ्यावर तारे छापलेले, मध्ये चांदवाली, झाकणाला ओरखडा नाही. गजाननराव म्हणाले, "तो विचारतोय, ही सगळ्यांत भारी न्हवं? हिला कुणाचा हातच लागला नाही."

"माह्या हातात आल्याबिगर मी सांगणार नाई."

"तो म्हणतो, उघडली तर किंमत जाते. न उघडलेलीच मोलाची."

"डब्याले रंग चांगला दिला म्हणून गाडी सोडत नाईत," कलावती म्हणाली. "त्याले पायजे तर तशीच नेऊ द्या. मी चांगली बी म्हणत नाई, वाईट बी म्हणत नाई. मले ठाऊक नाई असं लिहा."

हेंड्रिक पुठ्ठा धरून हिरवळीवर फेऱ्या मारायला लागला. तिघं थांबली. माळी पाइप घेऊन आला आणि बघून परत गेला. शेवटी हेंड्रिक खुर्चीवर बसला, खिशातून छोटा चाकू काढला आणि झाकणाच्या कडेनं अगदी सावकाश फिरवला. बाहुली काढून त्यानं स्वतः कलावतीच्या तळहातावर ठेवली.

तिनं आधी उलट्या पंज्यावर घेतली, सुखदेवसारखी. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग टिचकी मारली.

शेपूट होतं. सुखदेवलाही पायरीवर ऐकू गेलं. त्यानं मान खाली घातली.

"सिक," कलावती म्हणाली.

हेंड्रिकला तो शब्द भाषांतर न करता समजला. त्याचा चेहरा उतरला. कलावतीनं पायाला बोट लावलं नाही. लावायची गरज नव्हती. काल मोलाची असलेली वस्तू आज उघडून नापास केली, हे तिला दिसत होतं. पण आठ आकडे ते आठ आकडे. झाकण लावून त्याचे वीस होत नाहीत.

"भाऊजी, अडीच रुपयांची सोल्युशनची बाटली मिळते स्टेशन रोडवर. एक बारीक कुंचला. न् सुई," ती म्हणाली. "त्याले विचारा, मी नीट करून देऊ का?"

बाटली आली. कलावतीनं सुरीच्या टोकानं सांधा उघडला. तो सहज उघडला, लाज वाटावी इतका सहज. आतलं वाळलेलं सोल्युशन खरवडलं, पाय खोबणीत बसवले, कुंचला फिरवला. शिकंजा नव्हता. दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं आणि मोजायला लागली. अठराला बोटं दुखायला लागली. वीसपर्यंत सोडली नाहीत. पंधरा मिनिटं उन्हात ठेवून टिचकी मारली.

टक.

हेंड्रिकनं सुई पुढं केली, मेणबत्ती पेटवली आणि डावा तळवा दाखवला.

"रेघ मारा म्हणतोय," गजाननराव म्हणाले.

"नाई. रेघ पहिल्यांदा पास झालेलीले. ही दुरुस्त झालेली हाय." ती सुखदेवकडं वळली. "दुरुस्त डब्यावर काय लिहितात तुमी?"

"ठेसन न् तारीख."

तिनं सुई तापवली. इंग्रजी अक्षरं तिला सहीपुरतीही येत नव्हती, पण जयपूरची दोन अक्षरं इतकी वर्षं डब्यांवर बघितलेली होती. ती दोन काढली, त्याखाली तारीख. उजव्या तळव्यावर. डावा कोरा ठेवला.

हेंड्रिकनं भिंगातून वाचलं. मग उठून उभा राहिला आणि हात पुढं केला. कलावतीनं आधी पदराला बोटं पुसली, मग हातात हात दिला. तो गजाननरावांना काहीतरी म्हणाला.

"म्हणतोय, मासिकात आधीचं लिहिलं ते चूक, हे तो स्वतःच्या नावानं लिहिणार. आणि कपाटात हीच पुढं ठेवणार. पुठ्ठ्याशिवाय."

"पुठ्ठा कशाले पायजे," कलावती म्हणाली. "बाई चांगली उभी राह्यते आता."

सायकलवर मागं बसताना ती सुखदेवला म्हणाली, "सोडाळ्याले घे."

"घरी चहा तर घेऊ."

"तिच्याकडं घेऊ."

सिव्हिल लाइन्सचं फाटक बंद होतं. गाडी जात होती. सुखदेव सायकल धरून चाकांकडं कान देऊन उभा राहिला, सवयीनं. गाडी गेल्यावर म्हणाला, "तारीख बराबर टाकली ना? बारा की तेरा आज?"

"तेरा. तेराच टाकली."

"मंग ठीक हाय." थोडं पुढं गेल्यावर पायडल मारता मारता तो म्हणाला, "ते शेपूट मले बी आयकू आलं. पण कसं असते ते तू सांगतलं होतं म्हणून."

एवढ्या वर्षांत त्यानं तिच्या कामाला दिलेलं हे सगळ्यांत मोठं प्रमाणपत्र होतं. कलावतीनं सीटच्या मागची दांडी घट्ट धरली.

गुलाब दारात बसून मेथी निवडत होती. केस पिकले होते. तिनं कलावतीला ओळखलं आणि सरकून जागा केली. कलावतीनं सगळं सांगितलं. हॉलंडचा मास्तर, सहा बाहुल्या, कोरा तळवा, उजव्या काखेखालचा थेंब. तिचं नाव वहीत लिहिलं गेलं, तेही सांगितलं. गुलाब मेथी निवडत राहिली.

"मुझे क्यों नहीं बताया?" कलावतीनं विचारलं. "तू बीस गिनती थी."

गुलाबनं एक काडी बाजूला टाकली.

"बीस नहीं," ती म्हणाली. "बाईस. तू गिनती में जल्दी करती थी, रेलवेवाली. मैंने पहले दिन ही देख लिया था."

सुखदेव सायकलला टेकून हसायला लागला. चाकं ठोकणाऱ्या माणसाला कलावतीनं इतकं हसताना बघितलं नव्हतं. ती स्वतः मेथीची एक जुडी ओढून घेऊन बसली.

"चाय रख," ती गुलाबला म्हणाली, "और बाईस गिनके उतारना."